गाडी दादांच्या नावावर

आमच्या घरात वस्तू घ्यायची धाकट्याने आणि नाव लागायचं थोरल्याचं. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं, ती रीतच होती. विहिरीवरचा पंप, गॅस, टेलिफोन, सगळं माझ्या थोरल्या दिरांच्या, म्हणजे दादांच्या नावावर. जीप घेतली तेव्हा मी ह्यांना म्हटलं होतं, "चालवणार तुम्ही, हप्ते भरणार तुम्ही, मग कागदावर दादा कशाला?" तर हे म्हणाले, "थोरला भाऊ धडधाकट असताना मी माझं नाव लावू? लोक काय म्हणतील?" लोकांना काय, ते दोन्हीकडून बोलतात. पण माझं कोण ऐकतो.

पुढे दोघा भावांचं बिनसलं. दोन बागांच्या मधे जांभ्या दगडांचा एक गडगा होता, तो पावसात ढासळला आणि पुन्हा रचताना म्हणे हातभर तिकडून आमच्या बागेत सरकला. हातभर जमिनीत आंब्याचं एक कलम उभं राहत नाही, पण वकील उभे राहिले. वाटपाचा दावा लागला, बोलणं बंद झालं. दादांचं घर आमच्या मागच्या पडवीतून दिसायचं, त्यांचा खोकला ऐकू यायचा, पण दोन वर्षं दोघे भाऊ एकमेकांना पाण्यात पाहत होते. जीप कुणाच्या नावावर आहे हे त्या काळात माझ्या डोक्यातूनच गेलं. घराबाहेर उभी असते, हे चालवतात, म्हणजे आमचीच.

आमच्या बागेत एक नेपाळी राखणदार होता. भाट्याच्या पुलापलीकडच्या बागांमध्ये तेव्हा बरेच नेपाळी यायला लागले होते. ह्याला दादांनीच कुठूनसा आणला होता, भांडण व्हायच्या कितीतरी आधी, आणि तो दोन्ही भावांच्या बागा राखायचा. वाद झाल्यावर दोघांनी गडी वेगळे केले तेव्हा तो आमच्या वाट्याला आला. बायको त्याच्याबरोबर असायची, मुलंबाळं नव्हती. स्वभावाने गप्प, पण मराठी आमच्यासारखंच बोलायचा. माकडांना शिव्यासुद्धा अस्सल रत्नागिरीच्या द्यायचा.

हापूसच्या ऐन तोडीत तो झाडावरून पडला. आधी इथल्या इस्पितळात, मग मिरजेला नेला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी सांगितलं, आता ह्यात सुधारणा नाही, जपा. म्हणून बागेतल्या खोलीत आणून ठेवला. सगळा पावसाळा तो तिथे पडून. पाठीला जखमा झाल्या, ताप येऊन जाऊन असायचा. बायको त्याला कुशीवर वळवायची, मी पेज घेऊन जायची. हे दिवसातून चारदा डोकावून जायचे. आपल्या झाडावरून पडला, हे त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला ताप हटेना. डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "त्याच्या घरच्यांना भेटवायचं असेल तर उशीर करू नका." त्या संध्याकाळी मी पेज भरवत होते तेव्हा तो मला म्हणाला, "वहिनी, मला आईकडे पोचवा." बस, एवढंच. रडला नाही, हात जोडले नाहीत. मी वाटी तिथेच ठेवून ह्यांना सांगायला गेले.

आगगाडी रत्नागिरीला आली होती, नाही असं नाही. पण पाठीवर आडव्या माणसाला गाड्या बदलत बदलत न्यायचा, पुढे सीमेपासून डोंगरातली बस, कसं जमणार? ह्यांनी ठरवलं, जीपच्या मागच्या सीटा काढायच्या, कापसाची गादी घालायची आणि थेट त्याच्या गावापर्यंत जायचं. मी म्हटलं, "दुसऱ्या देशात गाडी न्यायची म्हणजे परवाना लागत असेल ना?" मी असं विचारलं याचा मला पुढे बरेच दिवस राग येत होता.

कारण मग सुरू झाला तो परवान्याचा घोळ. गावातला एक एजंट, नाकाने कांदे सोलणारा, म्हणाला की परदेशात गाडी चालवायची तर आंतरराष्ट्रीय लायसन पाहिजेच, नाहीतर सीमेवर गाडी जप्त. झालं. फोटो काढा, डॉक्टरचा दाखला आणा, आज साहेब नाहीत, उद्या या. इकडे खोलीत माणूस तापाने फणफणतोय आणि आम्ही कागदाची वाट बघतोय. माझा जीव टांगणीला लागलेला. रोज सकाळी त्याच्या खोलीच्या दाराशी मी आधी कानोसा घ्यायची, दार उघडल्यावर काय दिसेल म्हणून. शेवटी ती पुस्तिका हातात आली. हे ती असे उलटून पालटून बघत होते की मला वाटलं आता विमानसुद्धा चालवतील. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर गाडीचे कागद, विम्याचे कागद, आणि देवाजवळचा अंगारा.

ते तिघे निघाले. हे, राखणदार आणि त्याची बायको. मी पुलाच्या अलीकडे उभी राहून जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग रोज फोनची वाट. एकदा नाशिकहून, एकदा इंदूरहून, एकदा कानपूरहून. मी दुसरं काही विचारायचीच नाही. "कसा आहे?" "आहे." की मी फोन ठेवून भाताला लागायची. न जेवून तो लवकर पोचणार होता का?

मग सीमेवरून फोन आला, सकाळी, मी नुकती झाडलोट करत होते. ह्यांचा आवाज वेगळाच. "अगं, इथे गाडी अडवलीय. आपलं लायसन चालतं म्हणतात, ती पुस्तिका कुणी बघितलीसुद्धा नाही. ते विचारतात, गाडी दादाच्या नावावर आहे, तो कुठाय? मालक बरोबर नसेल तर त्याचं लेखी संमतीपत्र लागतं. त्याशिवाय परदेशात गाडी सोडत नाहीत."

इतके दिवस कागद गोळा केले, आणि घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट एकाला म्हणून आठवली नाही.

"तिकडची भाड्याची गाडी करा," मी म्हटलं. "कोण देतोय? पलीकडे बंद चाललाय. डोंगरात जायला एक ड्रायव्हर तयार नाही. त्याला श्वास लागलाय गं. डोळे उघडत नाही. डोंगर दिसले का, एवढंच मधूनमधून विचारतो." मग म्हणाले, "दादाकडे जा. मी इथेच फोनच्या दुकानात बसतो, इथे फॅक्स आहे. नंबर लिहून घे."

दादाकडे जा. बोलायला सोपं. आमच्या वकिलांनी बजावून ठेवलेलं की दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्यांच्याकडून काही लिहून घेऊ नका, त्यांना काही लिहून देऊ नका. आणि आता मी दारात जाऊन म्हणणार, दादा, गाडी तुमची आहे असं लिहून द्या. उद्या तोच कागद कोर्टात दाखवून त्यांनी जीप नेली तर? असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण त्या गादीवर श्वास लागलेला माणूस डोळ्यांपुढे होता. जीप गेली खड्ड्यात, म्हटलं, आणि चप्पल न घालताच निघाले.

दादा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मला बघून अडकित्ता थांबला. जाऊबाई आतून आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी सगळं एका दमात सांगितलं. दादांनी मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर जाऊबाईंना म्हणाले, "कोरा कागद दे. आणि पेन."

मला वाटलं, सुटलो. दादा मान खाली घालून लिहू लागले. नाव, गाव, गाडीचा नंबर. मग "सदर गाडी माझ्या मालकीची असून" इथपर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं.

"हे मी लिहीत नाही," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. "तुम्ही आणलात त्याला दादा, तुम्ही. तो तिकडे शेवटचे श्वास मोजतोय आणि तुम्ही एका ओळीवर अडून बसलात? गडग्याचा सूड त्याच्यावर काढताय? अहो, तुमच्या बागेत जागून काढल्यान ना त्याने रात्री?" जाऊबाई म्हणाल्या, "हळू बोल." मी म्हटलं, "नाही बोलत हळू."

दादांचा चेहरा उतरला होता. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "अगो, गाडी माझी नाही," ते म्हणाले. "माझ्या नावावर आहे, माझी नाही. मी मालक म्हणून सही केली की उद्या तुझा नवरा चारचौघांत म्हणणार, माणूस मरत होता तेव्हा दादाने डाव साधला. वकील तर म्हणणारच. आधीच मला चोर ठरवलाय तुम्ही. हा कागद मी कुठल्या तोंडाने देऊ?"

मी ज्या कागदाला भीत होते त्यालाच ते भीत होते. घड्याळ पुढे चाललेलं, तिकडचं ऑफिस संध्याकाळी बंद होणार, उद्या सुट्टी आहे की काय तेही ठाऊक नाही. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मग काय करू मी दादा? तुम्हीच सांगा."

ते उठले. खुंटीवरचा सदरा चढवला, निवडणुकीचं ओळखपत्र खिशात घातलं. "चल. त्याच्या तोंडून ऐकू दे मला."

रिक्षाने आम्ही पूल ओलांडून गावात गेलो. एसटी स्टँडाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात फॅक्स होता, फोनही होता. मी सारखी देवाला विनवत होते की तिकडे लाईन लागू दे. लागता लागेना. दुकानदार पुन्हा पुन्हा नंबर फिरवतोय, मागे झेरॉक्सवाले खोळंबलेत, आणि दादा हातातला अर्धा लिहिलेला कागद घडी घालतायत, उलगडतायत.

शेवटी लागली. मी ह्यांना म्हटलं, "दादा आलेत," आणि रिसीव्हर दादांच्या हातात दिला. दादांनी तो कानाला लावला. बोलले नाहीत. तिकडून हेही बोलत नसावेत. मी मनात म्हटलं, मेल्यांनो, बोला, कोणीतरी बोला. मग दादांनी विचारलं, "पाणी पितोय का?" तिकडून काहीतरी उत्तर आलं. दादा म्हणाले, "गाडीचं काय लिहू? मालकी कुणाची लिहू, ते तू सांग. मग आयुष्यात त्यावरून बोलायचं नाहीस."

ह्यांचा आवाज इतका मोठा होता की मला बाहेर ऐकू आला. "दादा, तुझी म्हणून लिही. तुझीच आहे. लवकर लिही."

दादांनी काउंटरवरच उरलेल्या ओळी लिहिल्या, सही केली. कागद यंत्रात जाताना दोघेही आम्ही तिथे वाकून बघत होतो. पहिल्यांदा अर्धाच गेला. दुसऱ्यांदा पूर्ण गेला. तरी दादा हलेनात. तिकडून ह्यांचा फोन येईपर्यंत बाकावर बसून राहिले. दुकानदाराने आणलेला चहा निवून गेला. ऊन स्टँडाच्या पत्र्यावरून उतरायला लागलं तेव्हा फोन आला. गाडी सोडली होती.

त्यानंतर काहीच कळायला मार्ग नाही. त्याच्या गावात फोन नव्हता. पलीकडे बंद, रस्त्यावर पोलीस, जाळपोळीच्या बातम्या. ह्यांचं काही बरंवाईट झालं तर, या विचाराने मी अर्धी झाले. दादा रोज सकाळी आमच्या अंगणात यायचे. घरात येत नसत. "फोन?" एवढंच विचारायचे. मी मान हलवली की परत जायचे. गाडीबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मग एका सकाळी फोन आला. हे परत सीमेवर पोचले होते. आवाज थकलेला पण शांत. जीप जिथवर रस्ता होता तिथवर गेली, म्हणाले. पुढे गावातली माणसं खाली आली आणि त्याला खांद्यावरून वर घेऊन गेली. आई दारात बसलेली होती. तिला कमी दिसत होतं, तिने त्याचं तोंड हाताने चाचपून ओळखलं. त्याने तिच्या हातून भात खाल्ला, थोडा, पण खाल्ला. घरातच, तिच्या शेजारी, सकाळी गेला. हे त्याला स्मशानात पोचवून मगच निघाले होते.

माणूस गेल्याची बातमी ऐकून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, पोट भरल्यासारखं. असं माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

दादा अंगणात उभेच होते. मी सांगितलं, पोचला तो, आईजवळ गेला. त्यांनी ऐकलं, मान हलवली. मग घरी जायच्या ऐवजी आमच्या विहिरीकडे वळले. पायातल्या वहाणा काढल्या, रहाटाने पाणी शेंदलं, आणि अंगातल्या कपड्यांनिशी पोहरा डोक्यावर ओतून घेतला. भावकीतलं कुणी गेल्याचं कळलं की आमच्याकडे अशी आंघोळ करतात.