बघताच आहात, तर वाचा

काका वाचता वाचता थांबत, बोटाला थुंकी लावून पान उलटत आणि जाहीर करत, "हे आलंय. पुढे."

म्हणजे पुस्तकातलं एक भयंकर भविष्य प्रत्यक्षात येऊन पोहोचलेलं आहे, आता पुढच्या भयंकराकडे वळू. तुमच्याही ओळखीत असा वाचक असेल. नसेल तर सुखी आहात.

इकडे परदेशात, हिल्सबरोत, आमच्यापासून दोन घरं सोडून त्यांचा मुलगा राहतो. काका पुण्याहून त्याच्याकडे आले होते. लायब्ररीतून नेमकी अशीच पुस्तकं आणत, ज्यांत सरकार नाहीतर यंत्रं माणसाला धड जगू देत नाहीत. त्या पुस्तकांनाही ते खाकी कव्हर घालत. परत करताना काढून घेत आणि पुढच्याला चढवत. त्यामुळे जगाचा अंत बाहेरून कायम पाचवीच्या भूगोलासारखा दिसे.

"काका, एखादं विनोदी घ्या की," मी एकदा वैतागून म्हणालो.

"विनोदीच आहे. यातल्या गावात प्रत्येकाच्या पलंगाखाली झोप मोजायचं यंत्र असतं. कोणी सक्ती करत नाही हो, लोक हौसेने विकत आणतात. रोज पुसूनही ठेवतात." मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "काल कशी झाली झोप?"

मी घड्याळात पाहिलं. "बरी झाली म्हणतंय."

"हे आलंय. पुढे."

त्यानंतर काका घरामागच्या लाकडी डेकवर घसरले. लागलं फारसं नाही, पण मुलगा धसकला. त्याने हॉलमध्ये हीट पंपच्या, म्हणजे भिंतीवरच्या गरम हवेच्या एसीच्या, वर कॅमेरा बसवला. "दादा, मी कामासाठी क्राइस्टचर्चला असतो, ही पण ऑफिसात. ॲप तुमच्याही फोनवर टाकतो. बाबा पडलेबिडले तर..." मी हो म्हणालो. पेनरोजच्या गोदामात दिवसभर पडद्यावर खोकीच बघतो मी. त्यात एक काका.

काकांचं मागणं एवढंच होतं : "वाचायला बसलो की तासभर तो बंद ठेव. बाकी खुशाल बघ."

"बाबा, पडायला मिनिटही पुरतं."

दोघांचंही बरोबर. माझी चिडचिड होते ती यानेच.

"आजोबा, इट्स जस्ट अ कॅमेरा," नात म्हणाली. "नोबडी इज इव्हन वॉचिंग."

"मग लावलाय कशाला?"

काकांनी खुर्ची फिरवली, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने हीट पंपच्या वरून मुलाचा आवाज आला, "बाबा, तोंड इकडे करून बसा ना." काका एवढे दचकले की चष्माच पडला.

दुसऱ्या दिवसापासून ते समोर तोंड करून बसू लागले. एक पान वाचून झालं की पुस्तक दोन्ही हातांनी उंच धरत, कॅमेऱ्यासमोर. "बघताच आहात, तर वाचा." पान उलटत. पुन्हा उंच.

इकडे गोदामात मी फोन डोळ्यांशी नेऊन बघायचो. खिडकीची तिरीप आणि मुंग्यांच्या ओळी, बाकी काही नाही. त्या कॅमेऱ्याला माणूस पडलेला कळतो, त्याच्या हातातलं अक्षर कळत नाही. मी मुलाला मेसेज केला, "अरे, तासभर बंद कर ना." उत्तर आलं, "बघतो दादा, हीप्स ऑफ वर्क." खाली एक अंगठा.

बघतोच तर होता!

काका ठरल्यापेक्षा लवकर परत निघाले. मी म्हणालो, "तिकडे एकटे आहात. पडलात तर?"

"शेजारीण येईल की," काका म्हणाले. "दार वाजवेल, मग आत येईल."

कॅमेरा अजून तिथेच आहे. बाबा पुढच्या वर्षी येतील ना, असं मुलगा म्हणतो. दुपारी केव्हातरी खिशात फोन थरथरतो : हॉलमध्ये हालचाल. हातातलं काम टाकून मी बघतो. हीट पंपच्या वाऱ्याने पडदा हलत असतो. समोर खुर्ची. जाताना काकांनी ती पुन्हा फिरवून ठेवली आहे, आमच्याकडे पाठ करून.