पाइपचे टॉम आणि तात्यांचा ऑक्टोपॅड

तीस वर्षं तालुक्याची बातमीदारी केली. छापलेल्या बातम्या रद्दीत गेल्या. संपादकांनी "यात बातमी काय?" म्हणून परत पाठवलेल्या मात्र अजून डोक्यात ठाण मांडून आहेत. सणसरच्या बेंजो पार्टीच्या तर सगळ्याच!

पोपट हा या पार्टीचा ड्रमर. एरवी लोणी देवकरच्या कारखान्यात, लग्नसराईत टेम्पोवर. ड्रमसेटवरचे दोन टॉम, म्हणजे छोटे ढोल, त्याला पुरेनात. रविवार घालवून त्याने पीव्हीसी पाइपचे चार लहानमोठे तुकडे कापले, वर प्लॅस्टिकचं पान ताणलं. चार टॉम, चार सूर! बसवायचे कुठं, एवढंच राहिलं.

त्याने माझ्यासमोर पुण्याच्या दुकानात फोन लावला.

"क्लॅम्प पायजे व्हता."

"कुठल्या कंपनीचा टॉम?"

"पाइपलाइनचा."

फोन कट!

* * *

मग झांजेच्या स्टँडलाच पाइप आवळले. डाळजच्या वरातीत गतिरोधकावर टेम्पो उडाला आणि स्टँड आडवा! एक टॉम घरंगळत नवरदेवाच्या घोड्यापुढं गेला. घोडा वळला आणि नवरदेवाला घेऊन थेट जानवशावर!

पार्टीचे मालक तात्या कडाडले, "पुन्यांदा टॉम पडला, तर विजेवरचा ऑक्टोपॅड आणीन. तुझं पाइप परत शेतात!"

तात्या बोलतात ते करतात. एवढी एकच वाईट खोड.

* * *

पोपटने चार टॉमना चार स्टँड केले, जमिनीलगत. पडायची भीतीच नाही! बेंजोवाला शंकर टेम्पोत चढला, खाली बघितलं आणि म्हणाला, "आन् मी पाय कुठं ठिऊ? खिशात?"

* * *

शेवटी वेल्डिंगवाल्याने टेम्पोलाच अँगल जोडला, पाइपला भोकं पाडून बोल्ट आवळले. "टेम्पो पडंल, टॉम न्हाय पडायचा!" तो म्हणाला.

खरंच हलेना. वाजेनाही. नुसतं धप्प!

"याला वाजवणं नाही, दार ठोठावणं म्हणतात," मी म्हणालो. पोपट दोन दिवस बोलला नाही. खरं बोलणाऱ्याला आमच्याकडे एवढाच मान!

तिसऱ्या दिवशी तो ठिबकच्या दुकानातून मूठभर रबरी ग्रोमेट घेऊन आला. ठिबकची नळी पाइपात बसवताना भोकात घालतात, ती. नवे पाइप कापले, अंगाला भोक नाही. पान आवळणाऱ्या वरच्या कड्यातून बोल्ट, बोल्टाभोवती रबर, आणि टॉम अधांतरी टांगलेले. काठी पडली आणि शेजारच्या रसवंतीवरची माणसं बाहेर आली!

"बरं वाजतंय," तात्या म्हणाले. "पर तुझं धप्प ऐकून मी पॅड आणलाय. आणलाय तर वाजला पायजे."

* * *

पुढची वरात पुन्हा डाळजची. तात्यांनी ड्रमसेट घरीच ठेवायला लावला. पोपटच्याच अँगलवर, पोपटच्याच रबरांवर पॅड चढला. पाइप त्याने गुपचूप पोत्यात घालून सीटखाली सरकवले होते.

गतिरोधक आला. टेम्पो उडाला आणि वीज देणारा जनरेटर बंद पडला. बेंजो मुका, पॅड मुका. नाचणारे हात वर करून तसेच उभे. नवरदेवाचा मामा ओरडला, "वरात हाय का मूकमोर्चा?"

तात्या घामाघूम. "पोपट, वाजव की!"

पोपटने हाताची घडी घातली. "तात्या, आधी बघा. पॅड पडला का?"

"न्हाय."

"मग झालं की!"

घोडा मान वळवून मागे जानवशाच्या वाटेकडे बघायला लागला. तात्या धोतर सावरत टेम्पोत चढले, धक्क्यानं सीटखालून डोकावणारं पोतं ओढलं आणि एक पाइप बाहेर काढला.

"ह्यो रबर कुठल्या बाजूनं बसवायचा रं?"