काचेच्या सुताला खळ

आता म्हणे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे फ्लोट कार्बनच्या धाग्याचे करतात. करू देत बापडे. सत्तरच्या दशकात सोलापुरात माझ्या थोरल्या भावाने, आमच्या अण्णाने, ते काचेच्या धाग्याचे करायला घेतले होते. त्यापायी आमच्या घराचा जो विचका झाला, तो मला आजही सहन होत नाही.

आम्ही विणकर. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. अण्णाने मागावर बसायला नकार दिला आणि बंगलोरला जाऊन फायबरच्या होड्या करायला शिकला, तेव्हापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. आमचे नाना म्हणजे हट्टाचा गोळा! काही वर्षांनी अण्णा काम घेऊन परत आला. एका हौशी वैमानिकाला छोट्या विमानाला चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे दोन पोकळ फ्लोट हवे होते. ते जमले की पुढची कामं मिळणार होती आणि अण्णा कायमचा सोलापुरात राहणार होता. अम्माने तर देवाला साकडंच घातलं.

साचे तयार झाले, पण हव्या त्या रुंदीचं काचेचं कापड काही मिळेना. सूत तेवढं मिळालं. अण्णा नानांपुढे जाऊन उभा राहिला. "नाना, विणून द्याल?"

नानांनी माग थांबवला. मग म्हणाले, "आण इकडं. बघू तुझी काच."

अम्मा चुलीपुढे बसून रडली, आनंदाने.

मेलं ते सूत लई वाईट! बोटांत टोचायचं, अंगाला खाज सुटायची, मागावर तटातट तुटायचं. मग आमच्यातला कुणीही विणकर करील तेच नानांनी केलं. चिंचोक्याची खळ शिजवली आणि धाग्याला लावली. खळीने धागा कडक होतो, तुटत नाही. कापड असं घट्ट उतरलं की बघत राहावं. अण्णाला ते हाताला कडक लागलं, पण विणकराच्या पोराला कडक कापड कशाला खटकेल? त्याने थरावर थर टाकले, ते चिकटून घट्ट व्हावेत म्हणून मध्ये रेझीन, म्हणजे डिंकासारखं रसायन, चोपडलं.

हिप्परग्याच्या तलावात फ्लोट सोडले, वर वाळूची पोती ठेवली. आधी झोकात तरंगले. दुपारपर्यंत एक कलला. बाहेर ओढून बघतो तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटलेले. अण्णाने एक पापुद्रा नखाने खरवडला, वास घेतला आणि तो मुठीत लपवला. खळीमुळे रेझीनने धागा धरलाच नव्हता.

"काय झालं रे?" नानांनी विचारलं.

"रेझीन खराब निघालं, नाना."

खरं काय ते त्याने मला वाटेत सांगितलं, वर कुणाला न सांगण्याची गळ्याची शपथ घातली. "त्यांनी पहिल्यांदा माझ्यासाठी काही विणलंय. त्याला नावं ठेवू?"

दुसरीकडून कापड आणून तो गुपचूप नवे फ्लोट करणार होता. पण त्याआधीच नानांनी मागावर ताणा लावून नवं कापड विणलं. त्याच्या हातात ठेवत म्हणाले, "या खेपेला खळ दुप्पट दिलीय, पोरा. आता बघू पाणी कसं शिरतं ते!"

अण्णाने कापडावरून हात फिरवला. "लई छान झालंय," म्हणाला. ते वापरावं तर फ्लोट बुडणार, परत करावं तर नानांना खरं सांगावं लागणार. त्याच आठवड्यात त्याने वैमानिकाला नकार कळवला आणि बंगलोरला निघाला. स्टँडवर मी त्याच्यावर ओरडले, "अरे, एक वाक्य बोल की त्यांच्याशी! खाणार आहेत का तुला?" तो बसमध्ये चढला.

नानांना वाटलं, पोराला पुन्हा घर नकोसं झालं. "त्याच्यासाठी काच विणली, तरी गेलाच की," एवढंच ते म्हणाले. पुढे त्याचं नावसुद्धा काढलं नाही. अण्णा सणावारी यायचा, ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझ्या काळजाचं पाणी व्हायचं.

नाना गेले तेव्हा अण्णा पोचला तो त्यांना अंगणात ठेवल्यावर. त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "नाना, खळ नको होती हो. दुसरं काही नव्हतं."

बाकीच्यांना वाटलं, दुःखाने बरळतोय. मी चारचौघांत थोरल्या भावाच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग त्याच्याच गळ्यात पडून हंबरडा फोडला.