एक नंबरचा मान आणि जिभाऊ

जिभाऊ ऑफिसात शिरले की बिघडलेल्या कॉम्प्युटरकडे बघायचेच नाहीत. दारात चपला काढायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघायचे. मग ठरलेला प्रश्न, "हात कोनी लाया?" हात कोणी लावलेला नसायचाच. आमच्या ऑफिसात कधीच कोणी कशाला हात लावत नसे, कामालासुद्धा नाही. "कोनीच नही? मंग भूतनी लाया व्हई," असं म्हणून ते खाली वाकायचे आणि टेबलाखालच्या वायरी चाचपायला लागायचे.

हे ऑफिस शहाद्यातल्या एका शिक्षणसंस्थेचं. संस्थेच्या आठ आश्रमशाळा वर डोंगरात, आणि त्यांचे कागद खाली आमच्याकडे, अकरा कॉम्प्युटरांत. दाराजवळच्या खिडकीवर दाखले देणारा कारकून तो मी. अकराही यंत्रं वायरीनं एकमेकांना जोडलेली होती, म्हणजे एकाच्या पोटातली फाइल दुसऱ्याला उघडता यावी. ती आठवड्यातून दोनदा तरी उघडत नसे, आणि मग जिभाऊंना फोन जायचा. गावात नवी दुकानं होती, पण तिथले लोक आले की आल्या आल्या सगळं पुसून नव्यानं टाकू म्हणायचे. जिभाऊंना त्याचा भयंकर संताप. "डोकं दुखस म्हनीसन काय डोकंच कापी टाकवानं?"

माणूस पुरुषोत्तमनगरचा, साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग हे. खांद्याला कापसाच्या बियाण्याची जाहिरात असलेली पिशवी, तिच्यात एक टेस्टर, वायरीचं टोक दाबायची पक्कड आणि जेवणाचा डबा. डिग्री कसलीच नाही. आमच्यात मात्र डिग्र्यांची रेलचेल होती. मी स्वतः एम. ए. आहे, आणि मला तेव्हा कॉम्प्युटर बंद करायचा म्हणजे मागचं बटण दाबायचं, एवढंच ठाऊक होतं.

ते स्वतः कीबोर्डला बोट लावायचे नाहीत. हात पाठीमागेच. मागे उभं राहून सांगायचे, आणि दाबायचं आपण. "मी हात लावसू आनि सकाय तुम्हीच सांगशात, जिभाऊनी बिघाडं." आमच्या गुणांची त्यांना पुरती पारख होती, त्यामुळे यावर बोलायची सोय नव्हती. माझं बोट बटणावर घुटमळलं की मागून आवाज यायचा, "दाब ना भो! बटन शे ते, इच्चू नही. चावाव नही." असं चारचौघांत ऐकून घ्यायचं म्हणजे कानशिलं तापायची. पण खरं सांगतो, फाइल कशी वाटून द्यायची, कुणाला उघडू द्यायची आणि कुणाला नाही, हे जे मला आज येतं ते त्या शिव्या खातच आलं.

दोष सापडेपर्यंत ते चहा घ्यायचे नाहीत. सापडला की मात्र घ्यायचे, आणि कप हातात धरून तो दोष अख्ख्या ऑफिसला ऐकवायचे. एकदा सकाळपासून एकाही यंत्राला दुसरं दिसेना. भिंतीवर जो छोटा डबा असतो, ज्याच्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात, त्याचाच प्लग काढून आमच्या अकाउंटंटांनी तिथे मोबाइल लावला होता. जिभाऊ म्हणाले, "साहेबना मोबाइल जेवी ऱ्हायना, नि आख्खं ऑफिस उपाशी!" अकाउंटंट महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. जिभाऊंना ते कळलंसुद्धा नसावं. जिभेला हाड नव्हतं त्यांच्या, आणि आमच्या संस्थेचं हे एकच काम त्यांचं बारमाही होतं. बाकी सगळी किरकोळ दुरुस्ती. दर वर्षी हे काम पुढे चालू ठेवायचं पत्र ज्याच्या सहीनं निघायचं, त्या माणसाशी तरी गोड बोलावं की नाही? पण ते नावच नको.

तो माणूस म्हणजे आमचे मोठे भाऊसाहेब, हेडक्लार्क. ब्राह्मणपुरीला बागायत, अध्यक्षांशी सोयरीक, आणि मानाची भूक अशी की लग्नात टॉवेल-टोपी आपल्याआधी दुसऱ्या कुणाला मिळाली तर हे भरल्या पंगतीतून उठणार. आता वायरींच्या जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर द्यावा लागतो, आणि दोघांना एकच नंबर चालत नाही. जिभाऊंनी वायर दारापासून ओढली, म्हणून दारातला मी एक नंबर झालो, आणि टोकाला एसीखाली बसणारे भाऊसाहेब अकरा. आठवण राहावी म्हणून त्यांनी प्रत्येक यंत्रावर आकड्याची चिठ्ठी डकवली. झालं. "खिडकीवरचा कारकून एक, आणि मी अकरा?" भाऊसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शाळांची सगळी जनरल रजिस्टरं, म्हणजे प्रत्येक मुलाची नोंद, त्यांच्याच यंत्रात होती, कारण प्रत्येक कागद आपल्या नजरेखाली हवा असा त्यांचा हट्ट. त्यातला एकही कागद त्यांना स्वतःला उघडता येत नव्हता, ती गोष्ट वेगळी. पेन ड्राइव्हच्या भोकांवरही त्यांनी चिकटपट्टी लावून वर स्वतःची सही केली होती.

खरं तर नंबरांची अदलाबदल म्हणजे तासाभराचं काम. बाकीच्या यंत्रांना रजिस्टरं अकरा नंबरवर शोधायला सांगितलेलं होतं, तेवढं बदललं की झालं. जिभाऊ ऐकतील तर शपथ. "आज यासले एक देसू, सकाय अकाउंटंटले दोन जोयजे. यंत्रसनं काय लगीन शे का, मान देवाले?" मग त्यांनी एक लबाडी केली. भाऊसाहेबांच्या यंत्रावरची चिठ्ठी काढून तिथे '१' डकवला, माझ्यावर '११' डकवला, आणि आतले नंबर होते तसेच ठेवले. भाऊसाहेब खूश. आल्यागेल्याला चिठ्ठी दाखवायचे. अशी सहा महिने शांतता होती.

मग सुरतेहून त्यांचे भाचेजावई आले. ते कॉम्प्युटरमधले जाणते म्हणे. रविवारी भाऊसाहेबांनी ऑफिस उघडून त्यांना आपलं एक नंबरचं यंत्र दाखवलं, आणि जावई म्हणाले, "मामा, आत तर अकरा आहे." तिथल्या तिथे त्यांनी आतला नंबर एक करून दिला आणि सुरतेची बस धरली. नावाला जाणते! जाळ्यात दुसरा कुणी एक नंबर आहे का, हे बघायची तसदी घेतली नाही.

सोमवारी मी दहा वाजता यंत्र सुरू केलं. थोड्या वेळानं खिडकीवर एक मुलगी आली, सुनीता वसावे, आणि तिच्या मागे तिचा बाप. मणिबेलीकडून आलेले. आदल्या दिवशी नर्मदेतून होडीनं निघाले, मग जीपनं धडगाव, मग शहादा. सुनीता आमच्याच आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. नंदुरबारला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, आणि जनरल रजिस्टरचा उतारा त्याच दिवशी पाच वाजेच्या आत तिथे दाखल करायचा होता. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. मूळ रजिस्टर डोंगरातल्या शाळेत कपाटबंद, चावी रजेवर गेलेल्या मुख्याध्यापकांच्या खिशात. मी म्हटलं, काळजी करू नका, दहा मिनिटांत देतो. रजिस्टरांच्या फोल्डरवर टिचकी मारली. सापडत नाही. परत मारली. सापडत नाही.

जिभाऊ आले तेव्हा बारा वाजून गेले होते. हात पाठीमागे, नजर सगळ्यांवरून, "हात कोनी लाया?" भाऊसाहेब चहा ढवळत म्हणाले, "कोणी नाही." जिभाऊंनी आम्हाला दोन-चार यंत्रांवर बटणं दाबायला लावली, मग भाऊसाहेबांच्या पडद्यावर मान वाकडी करून वाचलं. दुसऱ्या यंत्राचाही हाच नंबर आहे, असं त्यावर स्पष्ट आलेलं होतं. मी आधी सुरू झालो होतो म्हणून एक नंबर माझ्याकडे राहिला होता, आणि भाऊसाहेब सगळी रजिस्टरं पोटात घेऊन जाळ्याबाहेर पडले होते.

"भाऊसाहेब, परत अकरावर टाकनं पडी. दोन मिनिटनं काम शे."

"मी रिटायर होईपर्यंत एकच राहणार. तुझं तू बघ काय ते. आता जेवायची वेळ झाली, उद्या ये."

"सकाय नही चालाव. पोरनी जागा जाई."

"मग तिला आधी यायला काय झालं होतं?"

बापाला मराठी येत नव्हती. त्यानं मुलीला काहीतरी विचारलं, बहुधा साहेब काय म्हणाले म्हणून. तिनं सांगितलं नाही.  मी हळूच म्हटलं, चिकटपट्टी काढून पेन ड्राइव्हवर घेता येईल. "माझी सही फाडतोस?" भाऊसाहेब गरजले, आणि मी मुकाट्यानं खाली बसलो. एम. ए. माणूस!

जिभाऊंचं नव्या वर्षाचं पत्र तेव्हा भाऊसाहेबांच्या खणात सहीवाचून पडलेलं होतं. हे मला माहीत होतं, कारण टाइप मीच केलं होतं, आणि जिभाऊंनाही माहीत होतं. भाऊसाहेब हात धुवायला उठले तसा मी जिभाऊंच्या कानाशी लागलो. म्हटलं, जाऊ द्या, तुमचा कागद त्यांच्या हातात आहे. जिभाऊ म्हणाले, "मन्हा कागद काय, पुढला सालबी निंघी. हाई पोरना आजच निंघाले जोयजे."

त्यांनी पाठीमागचे हात सोडले. कोपऱ्यात गेले, भाऊसाहेबांच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल बाजूला केला आणि खुर्चीत बसले. त्या खुर्चीत कुणी बसत नसे. अध्यक्ष आले तरी त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची आणायचे. भाऊसाहेब ओल्या हातांनी परत आले तेव्हा जिभाऊ स्वतःच्या बोटांनी कीबोर्ड बडवत होते. "ऊठ! ऊठ आधी!" "बठू द्या दोन मिनिट. खुर्ची झिजाव नही." आणि माझ्याकडे मान वळवून, "देख भो, दखाई ऱ्हायनं का?" दिसत होतं. फोल्डर, शाळा, साल, वसावे सुनीता. उतारा निघाला, सही-शिक्का माझ्या खिडकीवरच झाला, आणि दोनच्या आत बापलेक जीपमध्ये बसलीसुद्धा.

एवढ्यावर थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. पण थांबतील ते जिभाऊ कसले? उठता उठता भाऊसाहेबांना म्हणाले, "एकवर बठीसन काय कामनं, भाऊसाहेब? कोनलेच दखातस नही तुम्ही."  हसू दाबायला मी दाखल्यांच्या वहीत डोकं खुपसलं.

दुसऱ्या दिवशी सुनीताचा फोन आला, जागा मिळाली. मी सगळ्यांना सांगितलं. भाऊसाहेबांनी न ऐकल्यासारखं केलं आणि गुरुवारी मला जिभाऊंच्या नावे पत्र सांगितलं, 'आपल्या सेवेची संस्थेस यापुढे आवश्यकता नाही.' मी टाइप केलं. अगदी सुवाच्य, समास वगैरे सोडून. अहो, हा माणूस नसता तर त्या मुलीचं काय झालं असतं, एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघायला हवं होतं.  मला पोरंबाळं आहेत, अशी त्या वेळी मी मनाची समजूत घातली. जिभाऊंनाही होती.

पत्र प्रिंटला दिलं. निघेना. चिडून परत दिलं, पुन्हा दिलं, चौथ्यांदा दिलं. बुधवारी भाऊसाहेबांनी सुरतेला फोन लावून जावयाकडून एकेक बटण विचारत आपला नंबर परत एक करून घेतला होता, आणि त्या भरात सगळ्यांचेच नंबर हलवून टाकले होते. प्रिंटर अकाउंटंटकडे, आणि अकाउंटंटचं यंत्र कुणालाच दिसेना. "बोलाव त्याला," भाऊसाहेब म्हणाले. मी विचारलं, कोणाला? "जिभाऊला, दुसऱ्या कोणाला? पत्र आजच निघालं पाहिजे."

हातानं लिहून देता आलं असतं. निदान फोनवर खरं सांगता आलं असतं. मी एवढंच म्हणालो, "जिभाऊ, प्रिंट निघत नाही." ते अर्ध्या तासात आले. यंत्रामागून यंत्र बघत अकराही नंबर जागेवर आणले. भाऊसाहेब त्या वेळी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले होते. शेवटचा नंबर लागला आणि प्रिंटर खडखडला. त्याच्या सगळ्यात जवळ जिभाऊ उभे होते. पहिला कागद निघाला तो, शाई नीट उमटली का बघायला उचलतात तसा त्यांनी उचलला आणि शेवटपर्यंत वाचला. तेवढ्यात उरलेले तीनही बाहेर पडले. त्यांनी एक घडी करून पिशवीत ठेवला, बाकीच्या तिघांच्या कडा सारख्या केल्या आणि माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"आनखी काही काढनं शे का, साहेब?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी मला साहेब कधी म्हटलं नव्हतं.