गोठ्याला गोडं पाणी

अकोल्याच्या आमच्या घरामागच्या विहिरीचं पाणी खारं होतं. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. गोडं पाणी गल्लीच्या टोकाच्या नळाला, तेही सकाळी तासभरच.

बाबा शाळामास्तर होते. माझं अमरावतीचं कॉलेज चालावं म्हणून मायनं दोन म्हशी ठेवल्या होत्या. गोठ्याच्या दगडी फरशीच्या फटींत शेण बसायचं. ते ती रोज खाली बसून खराट्यानं कोरून काढायची. तिचे गुडघे सुजून आडवेतिडवे झाले, तेव्हा डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, यांना खाली बसू देऊ नका, एक दिवस बसतील त्या पुन्हा उठणारच नाहीत.

म्हणून बाबांनी अमरावतीच्या जुन्या बाजारातून एक पितळी पंप आणला. लढाईच्या काळात आग विझवायला असे पंप ठेवत. पंप बादलीत उभा करायचा, बाहेरच्या पट्टीवर पाय दाबायचा आणि दांडा वरखाली मारायचा. रबरी नळीच्या टोकाच्या बारीक तोटीतून अशी धार सुटे, की फटीतलं शेण उडून भिंतीला लागे. विकणाऱ्यानं बजावलं होतं, "मास्तर, याले गोडं पाणी पाजा. खारं पाजसान तं आतलं चामडं कडक होईन, तोटी बुजन."

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा बाबा दांडा मारत होते आणि माय पदर खोचून, ताठ उभी राहून धार धरत होती.

"बाजूले व्हा," ती बाबांना म्हणत होती, "नाई तं आज तुमचीबी आंघोळ होते."

गोठ्यात तिला उभ्यानं काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पण माझं लक्ष बादलीवर गेलं. मी पाण्यात बोट बुडवून चाटलं. गोडं.

बाबांच्या ट्रंकेतली चळवळीची पत्रकं वाचतच मी मोठी झाले होते. त्या वर्षी तर पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे, असं पत्रक मी स्वतः लिहून कॉलेजात वाटलं होतं. आणि आमच्या मागच्या वस्तीतल्या बायकांना गल्ली नळावर शेवटी उभं करते, त्या कितीदा रिकाम्या घागरी घेऊन परततात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं.

"तिकडे लेकरांले प्यायले नाई, अन् तुमी गोठा धुऊन राहिले?" मी ओरडले.

"अवं, तिचे गुडघे..." बाबा म्हणाले.

"विहीर हाय ना! खारं घाला."

मायनं हातातली तोटी खाली ठेवली. "बरं," ती म्हणाली. "तुयंबी खरं हाय."

आठ दिवस मी स्वतः विहिरीचं पाणी शेंदलं. हाताला फोड आले, त्यांचा मला अभिमान वाटला. मग सुट्टी संपली.

दिवाळीत आले तेव्हा पंप खुंटीला टांगलेला होता. तोटीच्या तोंडाशी पांढरा खडा धरला होता. बाबांनी तो सुईनं कोरला होता, चामडं तेलात भिजवून पाहिलं होतं. दांडा दाबला की नुसती हवा सुटायची. माय पुन्हा खाली बसून फरशी कोरत होती. तेव्हाही मी तिच्या हातून खराटा घेतला नाही. मला एक पत्रक पुरं करायचं होतं.

पौषात ती गोठ्यातून उठताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं. होळीच्या आधी ती खाटेवरच गेली.

त्या दिवसांत मागच्या वस्तीतली एक बाई भेटायला आली. मी आत बोलावलं तरी दाराशीच बसली.

"घरचं पाणी मास्तर नेत," ती म्हणाली. "तुई माय गोठ्याच्या बादल्या घेऊन येगळी ये, अन् आमच्या मांगं उभी राहे. 'पयले तुमी भरा' म्हणे. आमच्या पुढं कोनी घुसलं का त्याच्याशी भांडे. आमचं भरून उरलं तेवढंच ने. मंग तिचं येनं बंद झालं, अन् आमच्या घागरी पुन्हा रिकाम्या येऊ लागल्या."

"मले कधी सांगितलं नाई तिनं," मी म्हणाले.

"तू इचारलं होतं काय, बाई?"

पत्रकातलं सारख्या हक्काचं ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. पण ते मी ज्या बाईच्या तोंडावर फेकलं, ती ते रोज नळावर उभी राहून पाळत होती.

म्हशी विकल्या. त्या गेल्या त्या सकाळी मी विहिरीचं पाणी शेंदलं, खराटा घेतला आणि गोठ्यात खाली बसले. एक फट कोरायला किती वेळ लागतो, ते मला माहीत नव्हतं. तिसऱ्या रांगेला माझे गुडघे दुखायला लागले. अजून नऊ रांगा होत्या.

बाबा दाराशी येऊन उभे राहिले.

"आता काहून घासून राहिली?" ते म्हणाले. "म्हशी तं गेल्या."

मी पुढच्या फटीत खराटा घातला.