फौजींच्या वाट्याचा पैरा

आमच्या कुंडलच्या बाजूला बायका भांगलणीला, म्हणजे तण काढायला, पैऱ्यानं जातात. आज सगळ्या माझ्या रानात, उद्या मी त्यांच्यातल्या एकीच्या रानात. मालक फौजेत होते. ते सुट्टीवर आले की बायका मला पैऱ्यातून मोकळं करायच्या. "फौजी आलाय, घरी बस," म्हणायच्या आणि माझी पात, म्हणजे माझ्या वाट्याची पिकाची ओळ, आपापसात ओढायच्या. मला लाज वाटायची, पण बरंही वाटायचं.

औंदा ते पेन्शन घेऊन कायमचे आले. बायकांनी सवयीनं मला पुन्हा मोकळं केलं. आमचं सोयाबीन तणानं भरलं तरी कुणी हाक मारेना, आणि आपण होऊन जायची माझ्यात धमक नाही. मीही सुट्टीतल्यासारखीच वागत राहिले. नवी चादर, ठेवणीतलं ताट, आज कोंबडी, उद्या पोळ्या. इतकी वर्षं संसार झाला, पण सुट्टीपुरताच. रोज एका घरात काय बोलायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. ते अंगण झाडायचे, गोठा झाडायचे, मग झाडलेलं अंगण पुन्हा. मी उगीच आतबाहेर करायची. त्यांची काळी पेटी दाराशीच होती, माळ्यावर गेलीच नाही. येता-जाता माझी नजर तिच्यावर जायची.

एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले, "रोज सण हाय का घरात? पुण्याला सिक्युरिटीत जागा हाय. सोमवारी जातो. हितं पाव्हण्यागत किती बसू?"

जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "डबा काय देऊ?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचे सगळे कपडे धुवायला काढले. शेजारच्या आत्ती कुंपणावरून म्हणाल्या, "समदी कापडं एकदम? कुठं निघालाय फौजी?" बादलीत मान घालून रडले. मग तुटक तुटक सांगितलं.

"आगं बया! आमी तुला मोकळं केलं, आन् तुमी दोघं घरात कोंडून बसलासा व्हय!"

रविवारी सकाळी आमच्या रानात सगळ्या बायका हजर. मी खुरपं घेऊन धावले. मागून मालक किटलीत चहा घेऊन आले, तसं आत्तींनी त्यांच्या हातात खुरपं दिलं. आमच्यात गडीमाणूस भांगलत नाही. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. ते मुकाट्यानं माझ्या शेजारच्या पातीवर बसले आणि घटकाभरात तणाबरोबर सोयाबीनही उपटून ठेवलं.

"आवं फौजी, ती आपलीच मानसं हायती! बॉर्डरवर बी असंच केलं का काय?" एकजण ओरडली.

सगळं रान हसलं. तेही हसले. घरात ते असे कधी हसले नव्हते. मी मान खाली घालून तण काढत राहिले. उद्या सोमवार होता.

दुपारी भाकरी सोडल्यावर आत्ती म्हणाल्या, "फौजी, आमी समद्या तुमच्यात आलोय. ह्यो पैरा कोन फेडणार?"

"ही हाय की."

"तिचा ती फेडंल. आमी औंदा दोघांचा धरलाय. तुमी पातीवर बसलासा न्हवं? आता घरटी एक दिवस दिल्याबिगर कुठं जातायसा?"

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. त्यांनी तळहातावरचा फोड चाचपला.

"उद्या कुणात हाय?" त्यांनी विचारलं, आत्तींना नाही, मला.

"आत्तींच्यात," मी म्हणाले. मग सगळ्यांच्या देखत, कसं कोण जाणे, "माझ्या शेजारची पात धरा. सोयाबीन वळखायला शिकवते."

सोमवारची गाडी त्यांच्याशिवाय गेली. पेटी अजून दाराशीच आहे. मी ती उचलून माळ्यावर टाकणार नाही, ते त्यांनीच करायचं. पैरा फिटेपर्यंत तरी तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवते, आणि बघते.