नानांनी गंगेत सोडलेला मासा

सावळीराम काकड म्हणजे आमच्या घाटावरचे नाना. ओझरच्या कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी गंगेचा घाट तपासायला घेतला. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. रोज सकाळी गळ्यात शिट्टी आणि शेजारी निर्माल्याचं पिंप. कुणी पाण्यात एक फूल टाकलं तरी शिट्टी वाजलीच म्हणून समजा. काम चांगलं होतं, तोंड मात्र फटकळ. नुकतीच लग्न होऊन आलेली दीपमाला एकदा देवाचा वाळलेला हार पाण्यात सोडायला घेऊन आली, तर "शिकलेल्या ना तुम्ही?" म्हणत चारचौघांत त्यांनी तिला रडवलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

त्यांचा नातू समर्थ पुण्याला शिकायला गेला आणि त्याची माशांची टाकी नानांच्या गळ्यात पडली. तिच्यात एक सकर मासा होता. आणला तेव्हा बोटाएवढा. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडत बसायचा. हा काच साफ ठेवतो, मोठा होत नाही, वेगळं खायला घालावं लागत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. मासा वीतभर झाला. अंगावर हाडांचं चिलखत, पंखांना काटे, आणि वळायला गेला की शेपटी काचेवर आपटायची. हा मूळचा तिकडे दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या नद्यांत दगडाला, ओंडक्याला तोंडाने धरून प्रवाहात टिकून राहतो. नानांनी ते मोबाइलवर पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. एकादशीला पहाटे बादलीतून त्याला घेऊन गेले, गंगेत सोडला आणि हात जोडले. पुण्य बोलून दाखवलं की कमी होतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी गोजराबाई जाळं घेऊन तरातरा घाटावर आली. ती खालच्या अंगाला मासे धरते. जाळं फाटलेलं, आणि त्यात काट्यांनी अडकलेला काळा मासा.

"नाना, तुमी एवढे ध्यान ठिवता, मंग ह्ये काय हाय?" तिने मासा पायरीवर टाकला. "लय झालेत आता. दुसऱ्या माशांची अंडीबी खात्यात. कोनी काचंच्या पेटीतले आनून सोडतंय!"

नानांनी मासा लगेच ओळखला. हा आपला नसेलही, आपण एकच सोडला होता, असं ते मनातल्या मनात म्हणत राहिले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "त्या दीपमालाच्या घरी टाकी आहे की." ती तिथेच निर्माल्य पिंपात टाकत होती. सगळे वळून तिच्याकडे पाहायला लागले.

"माझे सगळे मासे घरी आहेत," ती म्हणाली. "नाना, तुम्ही तरी सांगा ना यांना."

नाना खाली बघत राहिले. दीपमाला रिकामी पिशवी घेऊन निघून गेली.

मासा सोडल्याचं आणि पुढचंही नंतर नानांनीच आम्हाला सांगितलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. विमानाच्या भागावरचा केसाएवढा चरा ज्याच्या नजरेतून सुटला नाही, त्याला आपला एक शब्द तोंडातून काढता आला नाही, याची त्यांना लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी ते दीपमालाच्या दारात गेले, कबूल करायचं ठरवून.

तिला वाटलं, तपासायला आले. "या, बारा आहेत, मोजून घ्या," म्हणत तिने त्यांना टाकीपुढे उभं केलं. आणि या माणसाने खरंच मासे मोजले! "बरोबर आहेत," एवढंच म्हणाले. ती खुलली. "मग सगळ्यांना सांगाल ना नाना? तुमचा शब्द कुणी मोडत नाही. सासूबाई कालपासून माझ्याशी बोलत नाहीयेत." असं म्हणून ती त्यांच्या पाया पडायला वाकली.

नाना दोन पावलं मागे सरले. "नको पोरी, माझ्या पाया पडू नको. तसला मासा मीच सोडलाय गंगेत."

ती सरळ उभी राहिली.

"मग काल तिथे का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि मला जे वाटलं ते?"

तिने पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला. आत्ताच. तिथेच, सगळ्यांसमोर."

ती पुढे, नाना मागे, असे दोघं निघाले. घाटावर आम्ही सगळे होतो, आणि अजून काहीच ठाऊक नसल्याने नेहमीप्रमाणे नानांना मानाने जागा करून द्यायला उठलो.